राष्ट्रगीत संपेपर्यंत

१

भीमराज मरत होता तेव्हा सगळं गाव त्याचं कौतुक करत होतं.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पुरी झाली, त्या सकाळची ही गोष्ट. गाव खडकहिप्परगा. मुडबीच्या पलीकडं, बिदर जिल्ह्याच्या अगदी काठावर. राज्य म्हैसूरचं, शाळेतले हेडमास्तर कानडी, घराघरांतली बोली मराठी आणि म्हाताऱ्यांची सही अजून उर्दूत. शाळेपुढं दगडी ध्वजकट्टा, त्यात रोवलेला लोखंडी खांब आणि खांबावरच बांधलेला भोंगा. झेंड्याची दोरी दरवर्षी पंचायतीचे चेअरमन हणमंतराव ओढायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील ओढायचे. या वर्षी तालुक्याहून निरोप आला, की गावात लढाईवरून आलेला जवान असेल तर मान त्याला द्या. असा जवान गावात एकच होता. हवालदार भीमराज, बौद्ध वस्तीतला. बांगलादेशच्या लढाईतून पदक घेऊन आलेला.

त्यानं दोरी ओढली. झेंडा उघडला, पाकळ्या खाली आल्या. धोंडप्पा गिरणीवाल्यानं तबकडी लावली आणि भोंग्यातून राष्ट्रगीत सुरू झालं. भीमराजनं हातातली दोरी खांबाच्या कडीत परत अडकवायला हात पुढं केला आणि तो तसाच उभा राहिला. मान वर, छाती पुढं, सगळं अंग ताठ.

“बघा, मिल्ट्रीचा माणूस कसा उभारलाय,” मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. पुढच्यानं त्याला डोळ्यानंच गप्प केलं. राष्ट्रगीत चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, एवढं या गावाला पक्कं ठाऊक होतं. सगळं गाव सावधान उभं राहून त्याच्याकडं बघत होतं. त्याची बायकोसुद्धा.

गीत संपलं तरी भीमराज हलला नाही. तेव्हा शेजारी उभे असलेले हेडमास्तर लिंगराज पुढं झाले. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले आणि त्याला खांबापासून ओढून काढलं. भीमराज कट्ट्यावर आडवा झाला. त्याचा तळहात जळून काळा पडला होता.

आधी गाव म्हणालं, झेंड्याचा कोप झाला. मग फौजदारानं येऊन खांबाला घातलेला फुलांचा हार काढला. हाराखाली उघडी तार गुंडाळलेली होती.

२

मी नरसिंगराव. वकील. निजामाच्या अमदानीत उर्दूत वकिली शिकलो, आता तेच खोटं इंग्रजीत ऐकतो. बसवकल्याणात माझ्याविषयी बरं कुणी बोलत नाही, पण अडचणीत आलेला माणूस फिरून माझ्याच ओट्यावर येऊन बसतो. त्या आठवड्यात भीमराजची बायको शोभाबाई येऊन बसली.

“वकीलसाहेब, नवरा गेला. आता माज्या थोरल्या दिराला फासावर द्यायलेत.”

“फाशी इतक्या लवकर मिळत नाही, बाई. या देशात तिलाही रांग आहे.”

ती रडली नाही. असल्या बोलण्यानं बायका रडतात आणि मग निम्मं खरं सांगून टाकतात, म्हणून मी तसं बोलतो. ही नुसती बघत राहिली.

थोरला दीर म्हणजे ज्ञानोबा, शाळेचा शिपाई. पोलिसांनी त्याला खुनाच्या आरोपाखाली आत घातलं होतं आणि खरं सांगायचं तर पोलिसांची बाजू वाईट नव्हती. पहाटे झेंड्याची गाठ ज्ञानोबानं मारली होती. भोंग्याची तार खांबावर त्यानंच चढवली होती. भीमराज वर्दीत, बूट घालून आला, तेव्हा ‘बूट काढ’ म्हणून त्याला ज्ञानोबानंच सांगितलं होतं. आणि दोन दिवस आधी गिरणीपुढं चारचौघांत तो बोलून बसला होता, “इतकी वरसं गाठ मी मारली. दोरी वढायला मातर धाकटा.”

“हे बोलला का तो?”

“बोलले. माणूस बोलतो की वो. म्हून भाऊ भावाला मारतो व्हय?”

“माझं घर त्यावरच चालतं,” मी म्हणालो.

“मग ह्या बारीला उलटं करून बघा,” ती म्हणाली. “आमचे हे म्हणायचे, झेंड्याच्या मधलं चाक आपलं हाय. अशोकराजाचं, बुद्धाचं. बाबासाहेबांनी धम्म दिला, तवाच त्यो झेंडाबी आपला झाला, म्हणायचे. त्या चाकाखाली मेले ते. भावानं मारलं म्हून लिवून ठिवलं तर गाव काय म्हणंल? ह्यांचीच हाडं ह्यांनीच मोडली, आमचा काय संबंध? माजा दीर फासावर जाईल आन गाव हसंल.”

मी ज्ञानोबाची केस घेतली. दया आली म्हणून नव्हे. एक गोष्ट मला खुपत होती. वीज उतरलेल्या खांबाला चिकटलेल्या माणसाला ज्यानं उघड्या हातांनी ओढून काढलं, त्या हेडमास्तरांना साधा चटकासुद्धा कसा बसला नाही?

३

ज्ञानोबाला मी कोठडीत भेटलो. गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

“बूट काढायला का सांगितलंस?”

“रीतच हाय, साहेब.”

रीत मला गावात गेल्यावर नीट कळली. पोलिस ॲक्शनच्या साली रझाकार पळाले आणि गावात पहिला झेंडा चढला, तेव्हा हणमंतरावांच्या वडलांनी जोडे काढून दोरी ओढली. तेव्हापासून कट्ट्यावर पायात काही घालून कुणी चढत नाही. खांबाला कुंकू लावतात, नारळ फोडतात. देव आणि देश यांत या गावानं काही फरक ठेवला नाही. त्यामुळं देवळाच्या सगळ्या अटी झेंड्यालाही लागल्या. ज्ञानोबा गाठ मारायला कट्ट्यावर चढलेला चालायचा, कारण ते काम होतं. दोरी ओढणं हा मान होता.

“त्यो म्हणाला, दादा, वर्दीत बूट काढत न्हाईत,” ज्ञानोबा सांगत होता. “मी म्हणालो, गाव खवळंल, काढ. थोरला म्हून त्यानं ऐकलं. लेस सोडताना माज्याकडं बगून हसला बी.”

“तुला कुणी सांगायला लावलं?”

“समदेच म्हणायले होते. हणमंतरावांनी डोळे वटारले. मास्तरबी म्हणले, तुजं ऐकंल त्यो, तूच सांग.” त्यानं डोकं वर केलं. “साहेब, गाठ मारून झाल्यावर मी त्याच खांबाला टेकून बिडी वढली. तवा कामून काय झालं न्हाई?”

“कारण तेव्हा बटण बंद होतं, मूर्खा.”

म्हणजे तार कुणी गुंडाळली हे महत्त्वाचं होतंच, पण खांबात वीज केव्हा आली हे त्याहून महत्त्वाचं होतं. मी खडकहिप्परग्याला गेलो आणि सरळ कट्ट्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्या वर्षी पाऊस नव्हता. सगळा मुलूख करपून गेला होता, माणसं खडी फोडायच्या कामावर होती, गुरं बाजारात कुणी घेत नव्हतं. गावात शिरल्यापासून मला हिरवं असं काही दिसलं नव्हतं.

ध्वजकट्ट्याच्या दगडांच्या फटीत मात्र, खांबाच्या अगदी बुडाशी, कोवळी हरळी उगवली होती.

४

हरळी आपोआप उगवत नाही. दुष्काळात कुणीतरी त्या कट्ट्यावर घागरीवर घागर ओतली होती. मी गावात ज्याला त्याला विचारलं, इथं पाणी कुणी ओतलं? हेडमास्तर म्हणाले, सडा टाकला असेल कुणी. एक पंच म्हणाला, पाऊस झाला असेल. मी आभाळाकडं बघितलं, तर तोही बघायला लागला.

हणमंतरावांनी मला ओसरीवर बसवून चहा दिला.

“माझ्या विहिरीत चिखल आहे वकीलसाहेब. जनावरं मुडबीला पाहुण्यांकडं पाठवली. मी कट्टा धुवायला पाणी देईन?”

“मान गेला म्हणून राग तर आला असेल.”

“आला की. कामून न्हाई येणार? पण राग आलेला माणूस खाली उभा राहतो. मी खालीच होतो, अख्ख्या गावानं बघितलं.”

“दरवर्षी सगळे पंच कट्ट्यावर उभे राहतात म्हणे.”

त्यांनी कप खाली ठेवला. “ह्या वर्षी कुणी चढलं न्हाई. भीमराज वर असताना कोण चढणार? एकटे मास्तर चढले. त्यांना नोकरी करायचीय.”

तिथून मी धोंडप्पाच्या गिरणीत गेलो. गावात विजेचं कळणारा माणूस तो, म्हणून पोलिसांनी आधी त्यालाच दोन दिवस बडवला होता. मला बघून त्यानं गिरणी बंद केली.

“सगळं सांग. तार जोडल्यापासून.”

“अण्णा, पहाटेच बोर्ड जोडला शाळेच्या खोलीत. बटण बंद ठिवलं. मग मास्तरांनी घरी च्याला बोलावलं. मास्तर पुडं गेले, मी त्यांच्या घरी बसून च्या प्यालो. आलो तवा मास्तर खांबाला हार घालायले होते. मग कार्यक्रमाच्या येळला बटण दाबलं. मला काय म्हाईत, माज्याच हातानं…”

“बटण बंद केव्हा केलंस?”

“भीमराज पडला, कालवा झाला, तवा पळत जाऊन.”

“म्हणजे मास्तरांनी त्याला ओढलं तेव्हा वीज चालू होती?”

“व्हय की. तबकडी संपली तरी भोंगा घूं घूं करायलाच व्हता.”

हे ऐकून मी हेडमास्तर लिंगराजांकडं गेलो. गावानं त्यांच्या धाडसाबद्दल त्यांना शाल दिली होती. ती खुर्चीच्या पाठीवर दिसेल अशी टाकलेली होती. गोरे, नेटके गृहस्थ. बोलणं गोड. सातवीला विज्ञानही तेच शिकवायचे. भिंतीवर तीन सिंहांचं चित्र टांगलेलं, त्यालाही हार.

“तुम्ही त्याला दोन्ही हातांनी धरलंत?”

“हौदु, होय, दोन्ही हातांनी. जिवाची पर्वा नाही केली.”

“वीज चालू होती.”

“ते नंतर कळलं. देवाची कृपा.”

“पायांत काही होतं का तुमच्या?”

ते दुखावल्यासारखे झाले. “वकीलसाहेब, ध्वजकट्ट्यावर? मी दरवर्षी मुलांना अनवाणी उभं करतो. मी स्वतः चप्पल घालून चढीन?”

मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडलो. गोड माणसं खोटं बोलतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

५

हिशेब सरळ होता. अनवाणी माणूस ओल्या दगडावर उभा राहून विजेला चिकटलेल्या माणसाला धरतो, तेव्हा एक मरत नाही, दोन मरतात. मास्तर जगले, म्हणजे त्यांच्या पायांत रबरी काहीतरी होतं. वर्षानुवर्षं अनवाणी चढणारा माणूस त्याच दिवशी चप्पल घालून चढतो, आणि ती धोतराच्या घोळाखाली झाकतो, कारण खांबात काय येणार आहे ते त्याला आधीच ठाऊक असतं.

पण यात एक भोक होतं, आणि सरकारी वकील इतका बावळट नव्हता. तो म्हणाला असता, दुष्काळातला वाळलेला दगड होता, कोरड्या दगडावर मास्तर नशिबानं वाचले. मग माझं सगळं पाण्यात. कट्टा ओला होता हे शपथेवर सांगणारा साक्षीदार मला पाहिजे होता. पहिल्या रांगेतल्या प्रत्येकानं तो ओला दगड बघितला होता, आणि प्रत्येकजण मला पावसाच्या गोष्टी सांगत होता. खून लपवायला माणसं गप्प बसतात हे मी बघितलंय. इथं पाणी लपवायला बसली होती.

तोंड उघडलं ते हणमंतरावांच्या म्हाताऱ्या आईनं. राजूबाईंना ऐकू कमी यायचं आणि भीती कुणाची वाटायची नाही. मी पुन्हा एकदा हणमंतरावांना विचारून त्यांच्या ओसरीवरून उतरत होतो, तेव्हा त्या आतूनच ओरडल्या.

“काय इचारायलास सारकं सारकं? कट्टा बाटला, म्हून मेला त्यो.”

“भीमराज चढला म्हणून बाटला म्हणता?”

“त्येच्या आदीच बाटला व्हता. सकाळीच. मी म्हणाले हणमंताला, मास्तरनं काय चालवलंय बग. ऐकतो कोण माजं.”

हणमंतराव धावत आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी त्या बंद दारापुढंच उभा राहून जुळवू लागलो. भीमराज चढायच्या आधीच कट्टा बाटला होता. ज्ञानोबाच्या चढण्यानं तो बाटत नव्हता, ते काम होतं. मग सकाळी त्यावर असं काय पडलं, की गावानं खुनाच्या चौकशीतही त्याचं नाव घेऊ नये? पाणी. गावच्या विहिरीचं नव्हे, ज्या पाण्यानं कट्टा बाटतो ते पाणी. आणि ते दुष्काळात घागरी भरून आणून दगडावर ओतणारं माणूस कोण, तर ज्याला तसं ओतायला मिळणं हाच मोठा मान वाटेल ते.

मी वस्तीकडं चालू लागलो.

६

शोभाबाई दारात सुपात जोंधळे निवडत बसली होती. शेजारची चांगुणाबाई तिच्या सोबतीला होती. मला बघून दोघी उठल्या.

“बाई, त्या सकाळी कट्ट्यावर पाणी कुणी ओतलं?”

“मीच की,” ती म्हणाली. तिच्या तोंडावर, नवरा मेल्यानंतर पहिल्यांदाच असेल, काहीतरी उजळलं. “तुमाला कुणी सांगितलं न्हाई? लाजत असत्याल. मास्तर आदल्या दिशी वस्तीत आले. म्हणले, शोभाबाई, ह्या वर्षी तुमच्या मालकाच्या हातनं झेंडा चढणार, तर कट्टाबी तुमच्याच पाण्यानं धुवायचा. आमच्या वस्तीचं पाणी वो साहेब! गावच्या विहिरीवर आमाला उभारू देत न्हाईत, आन कट्ट्यावर आमचं पाणी! ओढ्याच्या झिऱ्यातनं वाटीवाटीनं भरलं. रातभर उपसलं तवा घागरी झाल्या.”

“कुठं ओतलंस?”

“मास्तर उबे होते. म्हणले, वर चढा, खांबाच्या बुडाला वता. अजून वता, फटीत मुरू द्या. जल्मात पहिल्यांदा चढले त्या कट्ट्यावर. हे म्हणाले, शोभे, आज तुजं पाणी चाकापातुर गेलं.”

चांगुणाबाईनं पदर डोळ्याला लावला. मला सांगायची सवय आहे. लोकांना वाईट बातमी सांगण्यात मी पटाईत आहे. पण त्या बाईपुढं मी दोनदा चष्मा काढून पुसला, आणि मला त्याचा राग आला, म्हणून मी सरळच सांगून टाकलं.

“कोरड्या दगडावर असता तर भीमराजला झटका बसला असता. हात सुटला असता. दगड ओला होता, म्हणून तो मेला.”

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. चांगुणाबाईला आधी कळलं. ती मागं सरकली. शोभाबाईनं आपले दोन्ही हात पुढं धरून बघितले आणि लुगड्याला पुसले.

“मास्तरनं मला सांगून…”

“हो. गाठ ज्ञानोबाची, बटण धोंडप्पाचं, बूट काढायला लावलं ज्ञानोबाकडून आणि पाणी तुझं. त्यानं स्वतः बोर्डातून एक तार आणून खांबाला गुंडाळली आणि वरून हार घातला.” मी श्वास घेतला. “आता ऐक. कट्टा ओला होता हे कोर्टात कुणी सांगणार नाही. गाव सांगणार नाही, कारण तुमचं पाणी तिथं पडलं हे त्यांना शपथेवर बोलायचं नाही. तू सांगितलंस तर ज्ञानोबा सुटेल. पण तुला सगळ्यांपुढं म्हणावं लागेल, की नवऱ्याच्या पायाखाली पाणी मी ओतलं. पुढं जन्मभर लोक तेच म्हणतील. नाही सांगितलंस तर कुणालाही कळणार नाही, आणि दीर जाईल.”

तिनं जोंधळ्याचं सूप उचलून आत ठेवलं आणि परत दारात आली.

“तारीख कवाची हाय?” तिनं विचारलं.

७

कोर्ट गच्च भरलं होतं. सरकारी वकिलानं मास्तरांना आपला साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. वीर पुरुष म्हणून. उलटतपासाला मी उठलो आणि मुद्दाम त्यांची तारीफ करत सुटलो. त्यांनी दोन्ही हातांनी कसं धरलं, ते कट्ट्यावर नेमके कुठं उभे होते, भोंगा कसा घुमत होता, सगळं त्यांच्याच तोंडून वदवलं.

“आणि अनवाणी?”

“अनवाणी. ध्वजाचा मान.”

“भीमराज खांबाला चिकटला तेव्हा तुम्ही हाताच्या अंतरावर होतात. लगेच का ओढलं नाही?”

“राष्ट्रगीत चालू होतं,” मास्तर म्हणाले. कोर्टात कुणाला हसू आलं नाही.

मग धोंडप्पानं सांगितलं, की ओढताना वीज चालूच होती. त्यानंतर मी शोभाबाईला उभी केली. तिनं सगळं एका दमात सांगितलं. मास्तर वस्तीत आले ते, झिरा, घागरी, ‘अजून वता’. दगड किती ओला होता, असं न्यायाधीशांनी विचारलं, तर म्हणाली, “पाय टेकला की पाणी वर यायचं.”

सरकारी वकील उठला. त्याच्याजवळ दुसरं काही राहिलं नव्हतं. “म्हणजे बाई, तुमच्या नवऱ्याचा जीव घेणारं पाणी तुम्हीच ओतलंत?”

“व्हय,” ती म्हणाली. “मीच वतलं.”

आरोपीच्या पिंजऱ्यात ज्ञानोबानं मान वर केली. मी न्यायाधीशांकडं वळून एवढंच म्हणालो, की पाय टेकला की पाणी वर येतं अशा दगडावर अनवाणी उभा राहून, जिवंत तारेवरचा माणूस दोन्ही हातांनी ओढणारा इसम आपल्यासमोर धडधाकट बसला आहे. एक तर विजेनं त्यांना माफी दिली असेल, नाही तर मास्तर खोटं बोलत असतील. न्यायाधीशांनी मास्तरांना परत उभं केलं आणि पायांत काय होतं ते पुन्हा विचारलं. मास्तरांनी खाली आपल्या पायांकडं बघितलं. त्यांच्या खोलीतून फौजदारानं नंतर तारेचं उरलेलं वेटोळं आणि नव्या रबरी चपला आणल्या.

ज्ञानोबा सुटला. मास्तरांना बेड्या पडल्या, तेव्हा ते व्हरांड्यात माझ्याजवळ आले.

“मला त्याला मारायचं नव्हतं,” ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळेल. वरून निरोप आला, तो मोडला तर नोकरी जाते. पाळला तर गाव मला जगू देत नाही. मला वाटलं, एक झटका बसेल, तो हात सोडून मागं पडेल, गाव म्हणेल झेंडाच त्याला घेत नाही. निरोपही पाळला जाईल आणि गावाची रीतही राहील. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.”

“झटक्याला कोरडा दगड पुरला असता, मास्तर. पाणी कशाला?”

“खात्री पाहिजे होती,” ते म्हणाले, आणि पोलिसांबरोबर गेले.

मी आयुष्यात बरेच खुनी बघितले. रागानं मारलेले, दारूत मारलेले. इतक्या नेटकेपणानं, दोन्हीकडचा मान सांभाळून मारणारा हा एकच.

८

ज्ञानोबाला घेऊन मी स्वतः खडकहिप्परग्याला गेलो. का गेलो, मला सांगता येणार नाही. बसमध्ये तो खिडकीबाहेरची करपलेली रानं बघत बसला. फाट्यावर उतरून गावात शिरलो तेव्हा शाळेपुढं हणमंतरावांची माणसं कट्टा गोमूत्र शिंपडून धूत होती. मी थांबून विचारलं, की मयत झालं म्हणून का? त्यांच्यातला एक म्हणाला, “न्हाई साहेब. कोर्टात आता जाहीरच झालंय न्हवं, कुणाचं पाणी पडलं ते.”

वस्तीत माणसं जमली होती. बायकांनी ज्ञानोबाला ओवाळलं, पोरं त्याच्या अंगाशी झटली. तो हसला नाही, पण त्यानं पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. उन्हातून चालून त्याच्या ओठांना कोरड पडली होती.

शोभाबाई घरातून तांब्या भरून घेऊन आली. कोर्टानंतर ती दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि दोन्ही हातांनी तांब्या थोरल्या दिरापुढं धरला.

“भावजी, पाणी घ्या.”

ज्ञानोबानं तांब्याकडं बघितलं. मग तिच्या हातांकडं. मला वाटलं, तो संकोचत असेल, म्हणून मी म्हणालो, “अरे घे, तिच्यामुळं तू सुटलायस.”

“ठावं हाय, साहेब,” तो म्हणाला. बाजूला वळला. “चांगुणाक्का, तुमच्या घरचं पाणी असंल तर जरा द्या.”

चांगुणाबाई क्षणभर घुटमळली. मग आत जाऊन तिनं आपल्या माठातलं पाणी आणलं, आणि शोभाबाईच्या देखत तो ते घटाघटा प्यायला.